गाडी थंडच हवी

तीनदा आणली तिनं गाडी गॅरेजात,
तिन्ही वेळा माझ्यासमोर ती शहाण्यासारखी वागली.
डी टाकला की पुढे, आर टाकला की मागे,
जणू कुणी हिची तक्रार केलीच नव्हती.
ॲडलीन मरॅस्टी दारात उभी, हातमोजे न काढता:
"सकाळी करते हो. तुमच्याकडे येईस्तोवर विसरते."

विसरत नाही, तापते.
बावीस किलोमीटर चालल्यावर
कुठलंही दुखणं अंग चोरतं.
म्हटलं, आज रात्री तुमच्याच अंगणात राहू दे.
इंजिनाच्या हीटरची वायर जोडा खुशाल,
ती ऊब गिअरबॉक्सपर्यंत पोचत नाही.
पहाटे मीच येतो.

प्रिन्स अल्बर्टच्या उत्तरेला, साडेपाच वाजता, उणे एकतीस.
नाकातले केस काड्यांसारखे ताठ.
पुठ्ठा अंथरला, त्यावर पाठ टेकली,
आणि पाठीला कळलं की पुठ्ठा म्हणजे नुसती समजूत.
रात्रीच काढून ठेवलेली तेलाची कांडी
विजेरीखाली पुन्हा पाहिली:
पातळी जागेवर, रंग उकळून उरलेल्या चहाचा,
जळका वास नाही.
म्हणजे क्लच अजून जिवंत आहेत.
दाबाचा काटा जोडला, नळी घट्ट पिळली,
बोटं आपली आहेत का, हे एकदा बघून घेतलं.

"चालू करा. पाय ब्रेकवर. आता आर."

काटा तिथल्या तिथे उठला. पंप ठीक, गाळणी ठीक.
दाब आला, पण गाडी आली नाही.
वर ती मोजत होती, क्री भाषेत, स्वतःशीच:
पेयक, नीसो, निस्तो...
खाली मी, बापाच्या युक्रेनी आकड्यांत:
ओदीन, द्वा, त्री...
नेवो आणि चोतिरी एकदमच पडले
आणि माझ्या डोक्यावर सगळा सांगाडा
धाडकन एक इंच सरकला.

न्यूट्रल. पुन्हा आर: एक, फार तर दीड.
पुन्हा: लगेच.
डी पहिल्यापासून निर्दोष.
म्हणजे रिव्हर्सच्या पिस्टनची रबरी कड.
सोळा हिवाळ्यांत ती शिंगासारखी टणक झालीय;
तेल येतं, तिच्या बाजूनं निसटतं, पुन्हा येतं,
आणि भरून झालं की मगच धरते.

स्वयंपाकघरात तिनं कॉफी ओतली.
मी आकडा सांगितला: दोन हजार आठशे.
गाडी विकली तरी एवढे हातात पडायचे नाहीत.
फळीवर रबर मऊ करणारं औषध आहे माझ्याकडे,
मी ते विकतो. माझ्या गाडीत घालत नाही.
तिसरा मार्ग म्हणजे थांबणं.
धरेपर्यंत पेट्रोल द्यायचं नाही.
चार सेकंद वाया गेले म्हणून कुणी पाय दाबतं
आणि त्या एका धक्क्यात
उरलेला क्लच सोलून निघतो.

तिनं कप खाली ठेवला.
"सहा वाजता मिस्टर इझबिस्टरना उठवते मी," म्हणाली,
"आधी पलंगाच्या कडेला बसवायचं.
पाय लोंबू द्यायचे. काही बोलायचं नाही.
डोळे स्थिर झाले की मग उभं करायचं.
नवी पोरगी आली होती, तिनं घाई केली.
खुबा गेला."

मग घड्याळ बघून उठली.
मी खिडकीतून पाहिलं:
दिवे लागले, धूर निघाला,
गाडी जागच्या जागी उभी, आणि आत
तिचे ओठ हलताहेत.
मग मागे आली, अलगद,
कचऱ्याच्या डब्याला न लागता.

बिल लावताना अडलो.
दुरुस्त तर काहीच केलं नव्हतं.
शेवटी पुठ्ठ्याचे लावले, पन्नास डॉलर,
आणि तिनं ते का म्हणून विचारलं नाही.

परवा पेट्रोलपंपावर भेटली. टोपी खिशात,
रस्त्याकडेला काळा बर्फ पाणी सोडतोय.
"आता नीसोलाच धरते," म्हणाली,
जशी काही पोरगी चालायला लागलीय.
मी म्हटलं, नोव्हेंबरात बघू.